हनुवटी खाली

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंना पाण्याचा ठसका लागला आणि तो उठला. उठायचं असं त्यानं ठरवलं नव्हतं. आत्तापर्यंत तर तो टेबलाच्या अलीकडे, हातात एक करडा दगड धरून, त्यातल्या बारीक चमकत्या रेघा कशाच्या हे सांगत होता, आणि बरं सांगत होता. पुढच्या क्षणी दगड टेबलावर होता, तो टेबलाच्या पलीकडे होता, त्याचा डावा तळवा बाईंच्या मानेमागे आणि उजव्या हाताची दोन बोटं त्यांच्या हनुवटीवर. "आधी खोका," तो म्हणत होता. "घाई नको. हं. हनुवटी खाली. आता गिळा. पुन्हा एकदा गिळा. शाब्बास." हा आवाज कॉलेजातला नव्हता. तो घरातला, पलंगाजवळचा, पायजम्यातला आवाज होता, आणि तो असा भर तोंडी परीक्षेत, खडकांचे नमुने मांडलेल्या त्या लांबड्या खोलीत बाहेर पडलेला ऐकून त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बाईंनी मात्र निमूटपणे हनुवटी खाली घेतली होती आणि दुसऱ्यांदा गिळलंही होतं.

मागच्या बाकावर आपल्या पाळीची वाट बघणाऱ्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. "पाहुण्यांनी बाईंना गिळायला लावलं," असं हलक्या आवाजात म्हणालंही. पाहुणा हे त्याचंच नाव. वर्गात उशिरा यायचा, दाराजवळच्या खुर्चीवर अर्धवट टेकायचा, फोन मांडीवर उताणा ठेवायचा आणि तास संपायच्या आत चोरपावलांनी निघायचा. चहाला थांबला नाही, सहलीला आला नाही, कुणाशी धड भांडलासुद्धा नाही. पहिल्याच वर्षी कुणीतरी "या पाहुणे, बसा, काय घेणार?" म्हणालं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. खरं सांगायचं तर त्याला ते सोयीचंच वाटायचं, कारण पाहुण्याला कुणी खोदून काही विचारत नाही. विभागप्रमुख सर हसले नव्हते. ते खुर्चीतून अर्धे उठलेले, "अरे, अरे, काय हे," एवढंच म्हणत होते. बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं, रुमालानं डोळे टिपले, घसा खाकरून बघितला, आणि त्याच्या हाताकडे बघत विचारलं, "घरी कोण आहे?"

"बाबा," तो म्हणाला. आणि त्याच्या छातीत जोरजोरात ठोके पडायला लागले. ही भीती नव्हती, कारण भीती त्याच्या चांगल्या ओळखीची होती. ती पोटात असायची, थंड असायची, आणि मांडीवरचा फोन थरथरला की जागी व्हायची. हे काहीतरी वर होतं, गळ्याशी, जिना धावत चढून आल्यावर होतं तसं. घरी कोण आहे. आजवर त्याला हजेरी विचारली होती, उशीर का विचारलं होतं, 'तुला गांभीर्य आहे की नाही' हे तर येताजाता विचारलं होतं. त्याचीही ठरलेली उत्तरं होती, बस चुकली, गजर वाजला नाही, आणि ती तो इतक्या सराईतपणे द्यायचा की त्याचं त्यालाच वाटायला लागलं होतं, आपण जरा आळशीच आहोत. आणि आता कुणी विचारलं होतं तर उत्तर एका शब्दात मावलं होतं. "अर्धांगवायू?" बाईंनी विचारलं. त्यानं मान हलवली. "उजवी बाजू. आणि गिळणं." "मग तरीच," बाई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा गिळायला बाहेरचं कुणी सांगत नाही. माझी बहीण सांगायची आमच्या आईला." आणि तुम्ही, असं त्याच्या तोंडून निघून गेलं. आज तोंड त्याचं ऐकतच नव्हतं. बाईंनी तो करडा दगड उचलून त्याच्या हातात परत दिला. "मी डोंगरात, खडकांच्या कॅम्पला होते," त्या म्हणाल्या. "बहीण माझ्याहून हुशार होती. बरं, रेघा कशाच्या?"

त्यानं रेघांचं सांगितलं. दाब कुठून आला, खडक कसा तापला, कसा दुमडला, सगळं सांगितलं, आणि बोलता बोलता त्याला तो कडा दिसायला लागला, जो त्यानं कधी पाहिला नव्हता. पुस्तकात होता, अर्ध्या पानाचा, करड्या शाईत, थरावर थर आणि मधेच सगळे थर एकदम वाकलेले, घडी घातलेल्या चादरीसारखे. ते चित्र त्यानं बाबांच्या पलंगाशी बसून इतक्यांदा काढलं होतं की डोळे मिटून काढता आलं असतं. कॅम्पात त्या कड्याखाली उभं राहायचं होतं, हातोडी मारून तुकडा काढायचा होता, तो हुंगायचा होता, कारण ताजा फुटलेला दगड हुंगतात असं सर एकदा म्हणाले होते आणि ते त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. इथे कॉलेजात सगळे खडक लाकडी खणांतले, वर्षानुवर्षं पोरांच्या हातांनी गुळगुळीत झालेले, त्यांना वास कुठला? "हा सोमवारी कॅम्पला आहे ना?" बाईंनी सरांना विचारलं. "हा?" सर म्हणाले. "याला धुळीची अ‍ॅलर्जी आहे." मग ते थांबले. त्याच्याकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. "भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला धुळीची अ‍ॅलर्जी," ते म्हणाले, "आणि मी गाढवासारखा विश्वास ठेवला! अरे, कॅम्प नाही तर पदवी नाही हे सांगून सांगून माझी जीभ झिजली, तेव्हा तोंडात काय धरून बसला होतास?"

काय धरून बसला होता हे त्याला सांगता आलं नसतं. सांगायला गेलं तर बाबा सांगावे लागले असते, आणि बाबा म्हणजे काही पलंगावरचे ते नव्हेत. बाबा म्हणजे कोपऱ्यावरच्या सलूनमधले, पांढऱ्या अर्ध्या बाह्यांचे, खांद्यावर टॉवेल टाकून उभे असलेले. दोन बोटांनी माणसाचं डोकं हवं तसं फिरवायचे. हनुवटीखाली बोट लावलं की मोठमोठी माणसं छताकडे बघायची, मागून टाळूवर टिचकीएवढा दाब दिला की मान खाली घालायची, आणि त्या वेळेपुरती कुणाची हलायची टाप नसायची. लहानपणी खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून त्याला बसवायचे, आणि तो वळवळला की तीच दोन बोटं हनुवटीला लागायची. ओरडणं नाही, काही नाही. बोटांना साबणाचा आणि थंड लोखंडाचा वास यायचा. त्या माणसाच्या ओठांतून पाणी गळतं, ते मी पुसतो, हे सरांना कसं सांगायचं? सांगितलं असतं तर सगळ्यांनी 'बिच्चारा' म्हटलं असतं, त्याला म्हटलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण बाबांनाही म्हटलं असतं. म्हणून त्यानं ठरवून टाकलं होतं की ही परीक्षा द्यायची, कारण दगडांबद्दल एकदा कुणाशी तरी बोलायचं होतं, आणि मग पुढच्या आठवड्यापासून यायचंच नाही. पाहुणा गेला तर कुणाला कळणारही नव्हतं. "चल," सर म्हणाले. "कुठं?" "चल म्हटलं ना." आणि बाकीच्या मुलांची परीक्षा बाईंवर सोडून सर व्हरांड्यातून ताडताड चालायला लागले, आणि तो मागून अर्धवट पळत.

लायब्ररीच्या शेजारी ती खोली होती. दारावर 'विद्यार्थी साहाय्य' अशी पाटी. त्या पाटीखालून तो रोज गेला होता आणि ती खोली आजारी पडलेल्यांसाठी किंवा नापास झालेल्यांसाठी असणार असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. आत सल्लागार बाई खुर्चीवर उभ्या राहून पंख्याचं बटण स्क्रूड्रायव्हरनं बसवत होत्या. सरांनी दारातूनच "हा. याचे वडील. घरी. आणि मला अ‍ॅलर्जी सांगतो!" असं सांगितलं आणि ते परत परीक्षेकडे पळाले. बाई खाली उतरल्या. "बाबांसाठी काय काय करतोस?" त्यांनी विचारलं. "काही नाही, असंच." "सकाळी उठलास की पहिलं काय?" त्यानं सांगायला सुरुवात केली. पहिलं म्हणजे कूस बदलायची, पाठ बघायची कुठं लाल झालीय का. मग तोंड पुसायचं, आतूनसुद्धा. आई कपड्यांच्या दुकानात जायच्या आत तिच्या मदतीनं त्यांना खुर्चीत बसवायचं. पाण्यात ती घट्ट करायची पूड घालायची, जास्त नाही, नाहीतर ते तोंड वाकडं करतात. चमच्यानं पाजायचं. दाढी करायची. सांगता सांगता त्याचा आवाज चढत गेला, हात हलायला लागले, दाढीचं सांगताना तर तो हसलाच, कारण बाबा एका डोळ्यानं आरशातून त्याचं काम तपासतात आणि कल्ला तिरका झाला की नाकातून आवाज काढतात. मग दुपार, मग व्यायाम, मग मधेच शेजारच्या काकूंना बसवून दोन तासांपुरता कॉलेजात पळायचं. शेवटी तो थांबला तेव्हा घसा कोरडा पडला होता. "आणि हे 'काही नाही' होय?" बाई म्हणाल्या. त्याला हसावं की रडावं कळेना, आणि दोन्ही एकदम यायला लागलं. "असे अजून कुणी असतात?" त्यानं विचारलं. "वर्गागणिक एखाददुसरा निघतो," बाई म्हणाल्या. "आणि प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच. तुमच्याच वर्गातली ती, सारखी फोनवर असते बघ." ती! पहिला नंबर काढणारी, फोनवर कुजबुजणारी, जिच्याबद्दल सगळे डोळे मिचकावायचे. "तिचा भाऊ अंथरुणाला आहे, तीच बघते. मी सांगू शकते कारण तिनंच सांगून ठेवलंय, कुणी आलं तर सांगा म्हणून. मलाही असं कुणी भेटत नाही, म्हणते."

तो बसमध्ये चढला तेव्हा त्याला बसवेना. रिकाम्या जागा असून तो दांडी धरून उभा राहिला आणि खिडकीतून रस्ता बघत राहिला, जणू हा रस्ता आजच बांधला होता. दुकानांच्या पाट्या, ओला फूटपाथ, शिडीवर चढून काच पुसणारा माणूस, त्याच्या पायाशी बादली, सगळं नीट, धुतल्यासारखं. सोमवार. कॉलेज आठ दिवसांसाठी मदतनीस देणार होतं, शिकलेला, रुग्णांची सवय असलेला. उद्या दुपारी तो घरी येणार, आणि बाबांना पाणी कसं पाजायचं ते त्यानं मदतनिसाला शिकवायचं. "त्यांना त्याच्या हातून जमलं तर सोमवारी जा," सल्लागार बाई म्हणाल्या होत्या. "नाही जमलं तर?" "तर कॅम्पचं पुढच्या वर्षी बघू. पण कॉलेज सोडायचं नाही." पुढच्या वर्षी हा शब्द त्याला ओळखीचा होता. तो शब्द म्हणजे कधीच नाही. आणि इथे त्या सगळ्या धुतल्या रस्त्यावर एक ढग आला. कारण आत्या. मागे एकदा आत्या आली होती, मायेनंच आली होती, आणि तो परीक्षेला गेलेला असताना तिनं बाबांचं डोकं मागे टेकवून पेल्यानं घटाघटा पाणी पाजलं होतं, तहानलेत म्हणून. ते पाणी छातीत गेलं, हॉस्पिटल झालं, नळ्या झाल्या. तेव्हापासून बाबा दुसऱ्या कुणाच्या हातून पाणी घेत नव्हते. आईच्या हातूनसुद्धा कुरकुरत, दोन चमचे. ओठ असे मिटायचे की चमचा दातांवर वाजायचा. त्यानंही तेव्हा ठरवलं होतं, आपणच. हे ठरवण्यात जराशी ऐट होती का? होती. माझ्याशिवाय चालत नाही यात एक ऊब असते, आणि ती आपल्याला आवडते हे त्या दांडीला लोंबकळताना त्याला पहिल्यांदाच कळलं आणि त्यानं पटकन दुसरीकडे बघितलं. कडा. वाकलेले थर. तो स्वतःशीच हसला, तेव्हा समोरच्या आजींनी पर्स जवळ घेतली.

बाबांना त्यानं लगेच सांगितलं. कळ काढवलीच नाही. कडा सांगितला, परीक्षक बाईंना गिळायला लावलं ते सांगितलं, सर लाल झाले ते करून दाखवलं. बाबांच्या डाव्या गालावर हसू चढलंसुद्धा. मग त्यानं मदतनिसाचं सांगितलं आणि बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. आई संध्याकाळी आली, चपला काढता काढता ऐकलं आणि तशीच एका पायात चप्पल ठेवून बसली. "हे मीच कुणाला तरी विचारायला हवं होतं रे," ती म्हणाली. "पण तू कधी तक्रारच केली नाहीस. मला वाटलं, चाललंय." "चाललंच होतं," तो म्हणाला. तिनं त्याच्याकडे बघितलं. "मी उद्या अर्धा दिवस सुट्टी घेते," ती म्हणाली आणि दुसरी चप्पल काढली.

मदतनीस तालमीतून थेट आल्यासारखा होता, दारातून आत यायला त्याला जरा तिरकं व्हावं लागलं. पण बोलणं मऊ. "नमस्कार काका," तो बाबांना म्हणाला. "मला काही येत नाही असं समजा. हा शिकवेल." त्यानं शिकवलं. पाठीशी उशी अशी, खुर्ची सरळ, पूड एवढी, चमचा जिभेवर नको, जरा डावीकडे, मग हनुवटी खाली, मग गिळा. मदतनिसानं सगळं तसंच केलं, अगदी तसंच, आवाजसुद्धा त्याच्यासारखा खाली घेतला. बाबांचे ओठ मिटले. चमचा दातांवर वाजला. पुन्हा. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून गळून टॉवेलवर आलं. "दादा, जरा हळू," तो म्हणाला. "हळूच घेतो," मदतनीस म्हणाला, आणि हळूच घेतलं, आणि या खेपेला पाणी तोंडात गेलं, पण बाबा ते तसंच धरून बसले, गाल फुगवून, डोळे मोठे करून, त्याच्याकडे बघत. त्या डोळ्यांत आत्याचा पेला होता. तो पुढे धावला, टॉवेल धरला, पाणी बाहेर काढलं. "माझ्याकडे द्या," तो म्हणाला, आणि त्याच्या हातून पहिल्याच चमच्याला बाबा प्यायले. त्याचा चेहरा पडला. कुठंतरी, अगदी खाली, गारसं समाधानही वाटलं, आणि त्या समाधानाचा त्याला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. गेला सोमवार. गेला कडा. करडे गुळगुळीत दगड, खणात बंद. "सगळं सांगितलं मी," तो म्हणाला. "काही लपवलं नाही."

"पुन्हा पाज बघू," आई म्हणाली. ती इतका वेळ खिडकीशी उभी राहून बघत होती. त्यानं आणखी एक चमचा पाजला. "आता परत." परत. "अरे," आई म्हणाली, "तू आधी गिळतोस." "काय?" "तू. चमचा त्यांच्या तोंडात गेला की तुझी हनुवटी खाली जाते आणि तू गिळतोस. मग ते गिळतात. तुझ्या गळ्याकडे बघत असतात ते, चमच्याकडे नाही." त्यानं चमचा भरला, पुढे नेला, आणि स्वतःला पकडलं: मान वाकत होती, घसा वर जाऊन खाली येत होता, रिकामाच. इतकी वर्षं रोज तो बाबांबरोबर काहीच नसलेलं पीत आला होता आणि त्याला पत्ता नव्हता! तो हसायला लागला. मदतनीसही हसायला लागला, आणि मग त्या भल्या मोठ्या माणसानं बाबांसमोर मांडी घातली, म्हणजे त्याचा गळा बाबांना नीट दिसेल, चमचा दिला, आपली रुंद हनुवटी छातीवर टेकवली आणि ठळकपणे, घोट मोठा असल्यासारखं, गिळलं. बाबा बघत होते. बाबांची हनुवटी खाली गेली. गळा हलला. मग, कुणी न सांगता, पुन्हा एकदा हलला. "शाब्बास काका," मदतनीस म्हणाला. पुढचा चमचा. तोही. त्याच्या पुढचाही.

तो मागे सरकला होता. सरकत सरकत दाराशी पोचला होता आणि चौकटीला टेकून बघत होता. बाबा दुसऱ्याच्या हातून पाणी पीत होते आणि त्यात त्याची काही गरज लागत नव्हती. सुख होतं, आणि त्या सुखाला एक चीर होती, आणि तीही हवीशी वाटत होती. "दाराशी काय उभा पाहुण्यासारखा?" आई म्हणाली. तिला त्याचं कॉलेजातलं नाव ठाऊक नव्हतं. "ये, बस इथं. पाणी पी, किती घामेजलास." तो खुर्चीलगत पलंगाच्या कडेवर बसला, बाबांच्या डाव्या हाताशी. आईनं दिलेला पेला त्यानं तोंडाला लावला आणि एका दमात प्यायला गेला, सोमवार, हातोडी, फुटलेल्या दगडाचा वास सगळं एकदम गळ्याशी आलं, आणि त्याला ठसका लागला. असा लागला की डोळ्यांपुढे अंधारी. आई उठली, मदतनीस वळला, पण त्याच्या आधीच काहीतरी त्याच्या हनुवटीला लागलं. दोन बोटं. डाव्या हाताची, नेमकी, खुर्चीतल्या माणसाचं डोकं फिरवणारी. त्यांनी त्याला आधी खोकू दिलं. मग त्याची हनुवटी खाली घेतली. त्यानं डोळे उघडले तर बाबा त्याच्याकडे बघत होते आणि त्यांची हनुवटीही खाली गेली होती, आणि त्यांनी रिकामंच, त्याला दिसेल असं, गिळलं. त्यानंही गिळलं. बोटं हलली नाहीत. बाबांनी पुन्हा एकदा गिळलं, मग त्यानं.

"शा," बाबा म्हणाले. ओठ पुढच्या अक्षरासाठी जमले, थरथरले, कपाळावर शीर उभी राहिली. त्यानं ती बोटं आपल्या हनुवटीवरून उचलून हातात घेतली.

"असू दे बाबा," तो म्हणाला. "बाकीचं कॅम्पवरून आल्यावर ऐकतो."